हेन्री अर्नेस्ट ड्यूडनी

हेन्री अर्नेस्ट ड्यूडनी (१० एप्रिल १८५७ – २३ एप्रिल १९३०) हे इंग्लंडमधील ख्यातनाम गणिती कोडेकार होते. इंग्रजी शब्दांतील अक्षरांच्या जागी अंक शोधायला लावणारे त्यांचे कोडे जगप्रसिद्ध आहे.

जीवन

ड्यूडनी यांचा जन्म ससेक्स परगण्यातील मेफील्ड या गावी झाला. त्यांचे आजोबा जॉन हे मेंढ्या राखता राखता गणित व खगोलशास्त्र शिकले आणि पुढे शिक्षक झाले. वडीलही शिक्षकच होते. हेन्री मात्र तेराव्या वर्षीच सरकारी कारकून झाले. गणिताचे उच्च शिक्षण त्यांना लाभले नाही. वाचन आणि बुद्धिबळ यांच्या आधारे त्यांनी स्वतःला घडवले. १८८४ मध्ये त्यांचा अ‍ॅलिस यांच्याशी विवाह झाला. त्या पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपास आल्या.

कार्य

आरंभी ते 'स्फिंक्स' या टोपणनावाने कोडी लिहीत. अमेरिकेतील कोडेकार सॅम लॉईड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. परंतु लॉईड आपली कोडी श्रेय न देता छापतात, असा आरोप करून त्यांनी संबंध तोडले. समभुज त्रिकोणाचे चार तुकडे करून त्यांचा चौरस बनवण्याचे त्यांचे कोडे विशेष गाजले. बिजागऱ्यांनी जोडलेली त्याची लाकडी प्रतिकृती त्यांनी १९०५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सादर केली. १९१० पासून अखेरपर्यंत त्यांनी 'स्ट्रँड' मासिकात कोड्यांचे सदर चालवले.

याच मासिकात जुलै १९२४ मध्ये 'सेंड' अधिक 'मोअर' बरोबर 'मनी' हे कोडे प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक अक्षर एकेका वेगळ्या अंकाचे असते. त्याचे एकमेव उत्तर ९५६७ + १०८५ = १०६५२ असे आहे.

वारसा

लुईस येथे ड्यूडनी यांचे निधन झाले. ज्या घनसंख्येच्या अंकांची बेरीज तिच्या घनमुळाइतकी असते, तिला 'ड्यूडनी संख्या' म्हणतात. अशा धन संख्या सहाच आहेत : १, ५१२, ४९१३, ५८३२, १७५७६ आणि १९६८३.

त्यांच्या अक्षरी बेरजेला नंतरच्या कोडेकारांनी संख्यावाचक शब्दांची जोड दिली. 'फॉर्टी', 'टेन' आणि पुन्हा 'टेन' यांची बेरीज 'सिक्स्टी' येते, ती अर्थानेही खरी आणि अक्षरांनीही : २९७८६ + ८५० + ८५० = ३१४८६. या शब्दांच्या इंग्रजी स्पेलिंगमधील दहा भिन्न अक्षरे ० ते ९ हे सर्व अंक वापरतात.