आधी पाणी, मग घर : स. गो. बर्वे यांचा धडा

पुणे महापालिका १९५० साली अस्तित्वात आली, तेव्हा पहिले आयुक्त म्हणून सदाशिव गोविंद बर्वे यांची नेमणूक झाली. सनदी सेवेतल्या या अधिकाऱ्याने पेठांच्या चाकोरीत अडकलेल्या शहराला रुंद रस्त्यांची सवय लावली. महापालिकेजवळच्या चौकाला आजही त्यांचे नाव आहे. मात्र तेथून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे बर्वे कोण, हे ठाऊक असेल?

पुढे मुंबईच्या वाढीचा विचार करण्यासाठी सरकारने १९५८ मध्ये नेमलेल्या अभ्यासगटाचे ते प्रमुख झाले. मुंबईत आणखी माणसे कोंबण्यापेक्षा ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा आणि पलीकडे नवे नगर वसवावे, अशी शिफारस या गटाने १९५९ मध्ये केली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई आकाराला आली. तिचे एक मूळ या अहवालात आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याची भिंतही गेली. मुठेकाठच्या पेठांमधील वाडे कोसळले, हजारो कुटुंबे उघड्यावर आली आणि शहराचा पाणीपुरवठाच तुटला. अशा वेळी यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने मदत आणि पुनर्वसनाची धुरा बर्वे यांच्याकडे सोपवली. पाणी पूर्ववत करणे, मलबा हटवणे, तात्पुरता निवारा आणि त्यानंतर कायमची घरे, अशा क्रमाने काम पुढे सरकले. गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहतींमधून पूरग्रस्तांचे संसार पुन्हा उभे राहिले. नदीकाठचे जुने पुणे टेकड्यांच्या दिशेने पसरले, ते या आपत्तीनंतर.

त्यानंतर सेवेचा राजीनामा देऊन बर्वे राजकारणात आले. १९६२ मध्ये शिवाजीनगरमधून विधानसभेवर निवडून येऊन त्यांनी राज्याचे अर्थ खाते सांभाळले. १९६७ मध्ये ईशान्य मुंबईतून त्यांनी कृष्ण मेनन यांच्यासारख्या दिग्गजाचा पराभव केला. पण लोकसभेत काम सुरू करण्याआधीच, त्याच मार्च महिन्यात, त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२ वर्षांचे होते.

आज त्यांची आठवण काढायची ती वाघोलीसाठी. नगर रस्त्यावरचे हे गाव २०२१ च्या जूनमध्ये अन्य २२ गावांसह महापालिकेत आले. इमारती मात्र त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायट्या आणि कोंडीत अडकलेला रस्ता, हे चित्र वाघोलीकरांना नवे नाही. पानशेतनंतर बर्वे यांना उद्ध्वस्त शहर सावरायचे होते. येथे कोणताही पूर आलेला नव्हता. सवड असूनही क्रम चुकला, हे अधिक बोचणारे आहे. चौकाला नाव देऊन ऋण फिटत नाही. त्या माणसाच्या कामाचा क्रम पाळला, तरच ते फिटेल.