ध्वनीचा जाणता कारागीर : अ‍ॅलन ब्लूमलाइन

जुन्या घरांतून व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर अजूनही जपून ठेवलेले आढळतात. त्यांचा भरदार, गोड आवाज आपण आवडीने ऐकतो. पण त्या आवाजामागे ज्यांची बुद्धी आहे, त्यांपैकी अ‍ॅलन डाऊअर ब्लूमलाइन यांचे नाव आपल्याकडे क्वचितच निघते. ध्वनिशास्त्राच्या जगात हे नाव आदराने घेतले जाते. आपल्या रसिकांनाही त्यांची ओळख व्हावी, म्हणून हा प्रपंच.

ब्लूमलाइन यांचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मूळचे जर्मन, आई स्कॉटिश मिशनऱ्याची कन्या. सातव्या वर्षी त्यांनी दारावरची विजेची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना तिचे रीतसर बिल दिले, अशी हकीकत सांगतात. वाचनात मात्र ते फार मागे होते. बाराव्या वर्षापर्यंत त्यांना धड वाचता येत नसे म्हणतात. मला यात नवल वाटत नाही. माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्यांतही अशी मुले असतात. नोटेशन पाहून ती अडखळतात, पण तानपुरा जरासा उतरला की त्यांचीच मान आधी वर होते.

१९२४ साली ते टेलिफोनच्या कामात शिरले. एका तारेवरचे बोलणे शेजारच्या तारेवर ऐकू येऊ नये, हा तिथला प्रश्न होता. १९२९ मध्ये कोलंबिया ग्राफोफोन कंपनीने त्यांना बोलावले. तबकड्या कोरण्याचे यंत्र एका अमेरिकन कंपनीच्या पेटंटखाली असल्याने प्रत्येक तबकडीमागे तिला पैसे मोजावे लागत. ब्लूमलाइन यांनी निराळ्या तत्त्वावरचे यंत्र सिद्ध केले आणि ते देणे थांबले. १९३१ मध्ये ही कंपनी आणि आपल्या परिचयाची, कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्यांची कंपनी एकत्र येऊन ई. एम. आय. स्थापन झाली.

त्याच वर्षी सिनेमा पाहताना त्यांना एक गोष्ट खटकली. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून! १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी दाखल केलेल्या पेटंटमध्ये स्टिरिओचे जवळजवळ सर्व शास्त्र आहे; एकाच खाचेत दोन आवाज कोरण्याची रीतही त्यात आहे. तशा तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. ते पाहण्यास ब्लूमलाइन हयात नव्हते.

व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायरला त्यांनी दिलेली देणगी १९३७ सालची. शेवटच्या पॉवर व्हॉल्व्हमध्ये स्क्रीन नावाची जाळी असते. ती अ‍ॅनोडला जोडली, तर आवाज स्वच्छ येतो, पण ताकद कमी पडते. ती स्थिर वीजदाबाला जोडली, तर ताकद वाढते, पण आवाज कर्कश होऊ लागतो. ब्लूमलाइन यांनी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातच मध्ये एक टाका काढून जाळी तिथे जोडली. ताकद फारशी घटली नाही आणि विकृती पुष्कळ कमी झाली. १९५१ मध्ये हाफलर व केरोस या अमेरिकन तंत्रज्ञांनी ही जोडणी ‘अल्ट्रालिनियर’ या नावाने लोकप्रिय केली. हा टाका पुष्कळदा वेटोळ्याच्या ४३ टक्क्यांवर असतो.

माझे वडील दरबारचे गवई. तानपुरा बोलेनासा झाला, तर ते तारा बदलण्याची घाई करीत नसत. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर मागेपुढे सरकवीत, आणि नेमक्या जागी जवारी खुलत असे. ब्लूमलाइन यांचा टाका हा मला तसाच दोरा वाटतो.

हल्ली जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे भाग बदलण्याची हौस वाढली आहे. त्यातले काही बदल आवश्यकच असतात. जुना कागदी कंडेन्सर गळू लागला, की पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर नको तो वीजदाब जातो आणि तो व्हॉल्व्ह तापून निकामी होतो. वीजपुरवठ्याचा कंडेन्सर वाळला, की घरघर ऐकू येते. हे भाग जाणकाराकडूनच बदलून घ्यावेत, कारण बटण बंद केल्यावरही आत जीवघेणा वीजदाब राहू शकतो. पण एवढे झाल्यावर महागडे कंडेन्सर आणि दुर्मीळ व्हॉल्व्ह यांवर पैसा ओतण्यापूर्वी ट्रान्सफॉर्मर कसा आहे आणि जोडणी कशी आहे, हे पाहावे. आवाजाची मूळ जात तिथे ठरते.

ब्लूमलाइन यांच्या नावावर १२८ पेटंटे आहेत. १९३६ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या ४०५ ओळींच्या पद्धतीतही त्यांचा मोठा वाटा होता. महायुद्धात ते रडारच्या कामाला लागले. ७ जून १९४२ रोजी विमानातून नव्या रडारची चाचणी चालू असता एका इंजिनाने पेट घेतला आणि वाय नदीजवळ विमान कोसळले. अकराही जण गेले. ब्लूमलाइन अवघे ३८ वर्षांचे होते. मागे पत्नी डोरीन आणि दोन मुले राहिली. काम गुप्त असल्याने त्यांच्या मृत्यूचा गाजावाजाही झाला नाही. तपासात कारण निघाले ते इंजिनातले एक नट नीट आवळले गेले नव्हते, हे.

२०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी सन्मान देण्यात आला. तोवर त्यांच्या मृत्यूला ७५ वर्षे होत आली होती. घरातला जुना अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या वेळी तापून सुरात बोलू लागेल, तेव्हा या कारागिराची आठवण अवश्य करावी.