वाघांचे नव्हे, शेतकऱ्यांचे कॉर्बेट : कॅनडातल्या शेजारगटांचा प्रयोग पुण्यात कसा आला?

कॉर्बेट म्हटलं की आपल्याला नरभक्षक वाघ आठवतात. पण ते जिम. आजची गोष्ट नेड कॉर्बेट यांची आहे, आणि तिचं एक टोक आपल्या पुण्यात आहे.

नेड यांचा जन्म १८८७ चा, कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातला. वडील पाद्री होते आणि नेडही धर्मशास्त्र शिकले. पण त्यांचं आयुष्य गेलं ते खेड्यापाड्यांतल्या मोठ्या माणसांना शिकवण्यात. १९२० मध्ये ते अल्बर्टा विद्यापीठाच्या विस्तार विभागात रुजू झाले. विद्यापीठ शहरात आणि शेतकरी मैलोन् मैल लांब, असा मामला होता. त्यामुळे गावोगावी जाऊन व्याख्यानं द्यायची, हेच त्यांचं काम. १९२७ मध्ये या विद्यापीठाने स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं, त्यातही कॉर्बेट पुढे होते. १९३३ मध्ये बॅन्फची प्रसिद्ध कलाशाळा सुरू झाली, तिच्यामागेही तेच.

मग आली मंदी. गव्हाचे भाव कोसळले, त्यात दुष्काळ. भाव कोण ठरवतं, कर्जाचं काय करायचं, हे प्रश्न घराघरांत होते, पण ते मांडायचे कुठे? दोन शेतांमध्ये एवढं अंतर की आपल्यासारखा पारावरचा कट्टाही नाही.

१९३६ मध्ये कॉर्बेट कॅनडाच्या प्रौढ शिक्षण संघटनेचे संचालक झाले. या संघटनेने सरकारी रेडिओ सीबीसी आणि शेतकऱ्यांचा महासंघ यांच्यासोबत १९४१ मध्ये देशभर नॅशनल फार्म रेडिओ फोरम सुरू केला. कल्पना एकट्या कॉर्बेट यांची नव्हती, पण तिघांची मोट बांधण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

हे चालायचं कसं? नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे बर्फामुळे शेतीची कामं थंडावलेली असताना, दर सोमवारी संध्याकाळी शेजारीपाजारी एकाच्या घरी जमायचे. विषयाची छापील माहिती आधीच हातात आलेली असायची. अर्धा तास रेडिओ ऐकायचा, मग ठरलेल्या प्रश्नांवर चर्चा. ब्रीद साधं होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा.

खरी गंमत पुढे आहे. गटाची उत्तरं लिहून वर पाठवली जायची, ती एकत्र करून पुन्हा रेडिओवर सांगितली जायची आणि काही वेळा सरकारकडेही जायची. म्हणजे रेडिओ फक्त बोलत नव्हता, ऐकतही होता. आपल्याकडे योजना शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याची भाषा फार होते, शेतकऱ्याचं म्हणणं उलट दिशेने पोहोचवायची यंत्रणा मात्र शोधावी लागते.

भरात असताना सुमारे १,६०० गट आणि २७ हजारांपर्यंत माणसं यात होती. गप्पांवरच भागलं नाही, काही ठिकाणी या चर्चांमधून सहकारी संस्थाही उभ्या राहिल्या.

कॉर्बेट १९५१ मध्ये निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी युनेस्कोने या प्रयोगाचा अभ्यास हाती घेतला, १९५४ मध्ये अहवाल आला आणि मग नंबर लागला पुण्याचा.

१९५६ मध्ये आकाशवाणीने पुण्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. प्रत्येक गावात साधारण २० जणांचा गट, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम मराठीतून झाले. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं आणि पॉल न्यूराथ यांनी त्यावर लिहिलं.

निकाल बघण्यासारखा आहे. जिथे चर्चागट होते त्या गावांत लोकांची माहिती भरपूर वाढली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे मात्र फारच थोडी. काही गावांनी ठरवून विहिरी खोदल्या, जातिवंत वळू आणले, बालवाड्या काढल्या. ज्यांचा गावच्या निर्णयात कधी आवाज नव्हता, त्यांना बोलायला एक जागा मिळाली. १९५९ पासून हे गट देशभर सुरू करण्यात आले.

तिकडे कॅनडात मात्र उतरती कळा लागली होती. घरोघरी टीव्ही आला, आणि सोमवारी रात्री बर्फ तुडवत शेजाऱ्याकडे जाणारे कमी होत गेले. १९६४ मध्ये कॉर्बेट गेले. १९६५ मध्ये फार्म फोरमही बंद झाला.