हाक आली आणि ते परतले



बौद्धबहुल कंबोडियाचे फादर जोसेफ छमार सालास १९७५ साली पॅरिसमध्ये शिकत होते. मायदेशी युद्ध पेटले होते. बिशप रामूस यांनी परत बोलावले. तिथेच राहते तर जीव वाचता; पण ते परतले. १४ एप्रिल १९७५ रोजी ते पहिले कंबोडियन बिशप झाले. तीनच दिवसांत राजधानी नॉम पेन्ह ख्मेर रूजच्या हाती पडली. पुढे कॅथेड्रलही पाडले गेले. तांग कोक गावी राबून, उपाशीपोटी, १९७७ मध्ये बिशप वारले. त्यांचा क्रूस कुटुंबीयांनी जपला.

१४ एप्रिल १९९० रोजी, त्यांच्या बिशपदीक्षेला बरोबर १५ वर्षे झाली त्या दिवशी, नॉम पेन्हमध्ये पुन्हा उघडपणे पास्काची मिस्सा झाली.

पेरणाऱ्याला पीक दिसतेच असे नाही. आम्ही मात्र हाक आल्यावर निघतो का?