झाडं ओळखणारे इंजिनीअर : थिओडोर कुक

इंजिनीअर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? डोक्यावर हेल्मेट, हातात ड्रॉइंग आणि मागे सिमेंटचा मिक्सर! आणि झाड? ते बिचारं साइट प्लॅनवर एका गोल ठिपक्यापुरतं असतं. पण या महाराष्ट्रात एक इंजिनीअर असा होऊन गेला, की इथल्या झाडाझुडपांचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्याचा ग्रंथ उघडावा लागतो. त्याचं नाव थिओडोर कुक. बॉटनीवाले त्यांना आपलं मानतात, म्हटलं आपणही थोडा हक्क सांगू या!

कुकसाहेबांचा जन्म 1836 सालचा, आयर्लंडमधल्या ट्रॅमोर या समुद्रकाठच्या गावचा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते शिकले आणि इंजिनीअर झाले. 1860 मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या नोकरीवर ते इकडे आले. आजची आपली वेस्टर्न रेल्वे म्हणजे त्याच कंपनीची वारसदार. तिथे त्यांच्याकडे काम आलं ते वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाचं. आज लोकल ज्या पुलांवरून धावतात ते नंतरचे आहेत, पण त्या खाडीवर पहिल्यांदा रेल्वे गेली ती या पिढीच्या कामामुळे.

मी राहते दिव्याला. आमच्याकडून वसईला थेट गाडी जाते. कोपर, भिवंडी, खारबाव, कामण, जूचंद्र आणि मग वसई रोड. दिव्याजवळून जाणारं उल्हास नदीचं खारं पाणीच पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतं. म्हणजे कुकसाहेब आमच्याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून पूल बांधत होते, असं म्हणायला हरकत नाही!

1865 मध्ये ते पुण्याच्या सिव्हिल इंजिनीअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. वय किती? एकोणतीस! आपल्यातले काही जण तोपर्यंत केट्या काढत बसतील. हेच कॉलेज पुढे कॉलेज ऑफ सायन्स झालं, मग सीओईपी, आणि 2022 पासून ते विद्यापीठ आहे. ज्यांच्या वाढदिवशी आपण इंजिनीअर्स डे साजरा करतो ते विश्वेश्वरय्या 1883 मध्ये इथूनच पास झाले, कुकसाहेबांच्याच कारकिर्दीत.

कॉलेजात इंजिनीअरिंगच्या जोडीला शेती आणि जंगल या विषयांचेही वर्ग सुरू झाले. कुकसाहेबांचा झाडांचा नाद वाढतच गेला. 1890 मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि पश्चिम भारताचं काम त्यांच्याकडे आलं. विचार करा, ट्रेनिंग पुलांचं आणि जबाबदारी पानाफुलांची! पण मला वाटतं, त्यांच्यातला इंजिनीअर इथेही सुटला नाही. मोजल्याशिवाय लिहायचं नाही आणि पाहिल्याशिवाय खात्री द्यायची नाही, ही सवय त्यांच्या पानापानावर दिसते.

1893 मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. दुसरा कोणी असता तर आरामखुर्चीत बसला असता. यांनी लंडनजवळच्या क्यू गार्डनमध्ये बसून मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ लिहायला घेतला. तेव्हाच्या इलाख्यात सिंधसुद्धा होता. त्याआधी डाल्झेल आणि गिब्सन यांचं 1861 सालचं पुस्तक होतं, पण ते आता अपुरं पडत होतं. कुकसाहेबांचा फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे 1901 ते 1908 या काळात भागाभागाने छापला गेला. शेवटचा भाग आला तेव्हा त्यांचं वय बहात्तर होतं. दोनच वर्षांनी, 1910 मध्ये, क्यू इथेच ते वारले. 1958 मध्ये स्वतंत्र भारताच्या सर्वेक्षण खात्याने हा ग्रंथ पुन्हा छापला. पन्नास वर्षांनीसुद्धा त्याची गरज संपली नव्हती!

या ग्रंथाची रचना आपल्या जर्नलसारखी आहे. आधी पान, मग फूल, मग फळ. नंतर झाड कुठे सापडलं, कोणत्या महिन्यात फुललं आणि मराठीत त्याला काय म्हणतात. गावाच्या नावापुढे नमुना गोळा करणाऱ्याचं नाव, आणि तो नमुना लेखकाने स्वतः पाहिला असेल तर उद्गारचिन्ह. त्या नावांत इंग्रज साहेब आहेत तसे कानिटकर आहेत, भिवा आहे. आपल्या माणसांनी डोंगर तुडवले, काट्यांतून डहाळ्या आणल्या, आणि त्यांच्या वाट्याला आलं ते एक नाव आणि एक चिन्ह. पण निदान ते आलं, छापून आलं. हे वाचल्यापासून मला ते उद्गारचिन्ह शाबासकीसारखं वाटतं.

माझी शाळा कॉन्व्हेंट. झाडांची मराठी नावं मला पुस्तकातून नाही, आजीकडून मिळाली. आता मी कुकसाहेबांच्या पद्धतीने एक वही ठेवते. माघ-फाल्गुनात पळस आणि काटेसावर, दोघांच्याही फांद्यांवर पान नाही आणि फूल मात्र लालभडक. चैत्र-वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस आणि ताम्हणाची जांभळी फुलं. मग गुलमोहर. हा मूळचा मादागास्करचा, म्हणजे कुकसाहेबांसारखाच समुद्रापलीकडून आलेला! पाऊस लागला की कदंबाचे गोल चेंडू, भाद्रपदात पहाटे पारिजातकाचा सडा. दिवाळीच्या आसपास संध्याकाळी डोकं जड करणारा वास आला की वर बघा, सातवीण असेल. झुडपांत जास्वंद, तगर आणि कण्हेर जवळजवळ वर्षभर हजर. बोगनवेलीचा जो रंग आपण फूल समजतो तो फुलाभोवतीच्या विशेष पानांचा असतो, खरं फूल आत इवलंसं असतं.

पण खरी वायव्हा असते ती फुलं नसताना! गुलमोहर आणि सोनमोहर दोघांचं पान पिसासारखं. मग शेंग बघायची. गुलमोहराची लांब, काळी, लाकडासारखी टणक, तर सोनमोहराची छोटी, चपटी, तांब्याच्या रंगाची. बहाव्याची शेंग म्हणजे लोंबकळणारी काळी काठी. ताम्हणाला शेंग नसतेच, त्याची गोल फळं वाळून उकलतात आणि बरेच महिने फांदीवरच राहतात. एवढं आलं तरी अर्धं कॅम्पस ओळखता येतं.

आता कुणी म्हणेल, नावं पाठ करून काय मिळणार, प्लेसमेंटमध्ये विचारतात का? तर ऐका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ताम्हण होतं. एका बांधकामाच्या आड आलं आणि दोन तासांत आडवं झालं. शेजारीपाजारी हळहळले, पण जो तो म्हणे, ते जांभळ्या फुलांचं झाड गेलं. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे. ते आमच्या दारात उभं होतं आणि त्याला नावाने ओळखणारं कुणी नव्हतं. बिननावाच्या गोष्टीसाठी भांडायचं तरी कसं? अर्ज करायचा तर त्यात लिहायचं काय?

शहरातली झाडं जपण्यासाठी आपल्याकडे 1975 पासून कायदा आहे, तोडायला परवानगी लागते. पण परवानगीच्या कागदासाठी झाडांची यादी करायला चार-पाच वर्षांनी साइटवर कोण उभं असेल? आपल्यातलंच कुणीतरी, ज्युनिअर इंजिनीअर म्हणून. तेव्हा त्या गोल ठिपक्याशेजारी नुसतं झाड असं लिहायचं की ताम्हण असं लिहायचं, हे आपल्याच हातात राहील. नाव लिहिलं म्हणून झाड वाचेलच असं नाही. पण पुलाची लाइन चार फूट सरकवता येते का, हा प्रश्न निदान विचारला जाईल. पूल बांधणाऱ्या माणसाने झाडांची नावं लिहिण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली, त्याची किंमत मला इथे कळते.

असो. लेक्चर पुरे झालं! माझी एक सूचना आहे. होस्टेलच्या ऑफिसात एक वही ठेवू या. तारीख, जागा, झाडाचं नाव, फूल की फळ, आणि पाहणाऱ्याचं नाव, एवढेच पाच रकाने. मेसच्या काकांनाही लिहू द्या, माळीदादांना तर आधी. आणि ज्याने स्वतः जाऊन खात्री केली असेल त्याच्या नावापुढे कुकसाहेबांसारखं एक उद्गारचिन्ह. पहिली नोंद मी करते : लेडीज होस्टेलच्या गेटजवळ, सोनमोहर, शेंगा.