अण्णा कर्वे आणि टिकणारे कार्यकर्ते

गणेशोत्सव जवळ आला की मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. मूर्ती ठरते, वर्गणी जमते, कार्यक्रमही ठरतात. पण दहा दिवस राबायला माणसे कुठून आणायची? पहिल्या बैठकीला पंचवीस जण येतात आणि विसर्जनानंतर मांडव सोडायला चार-पाच उरतात. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बहुतेक मराठी मंडळांचा अनुभव हाच असावा. म्हणून यंदा आम्ही महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र निवडले आहे. त्यांचे स्त्रीशिक्षणाचे कार्य सर्वांना ठाऊक आहे. ते कार्य करणारी माणसे कशी मिळाली आणि कशी टिकली, ही बाजू मात्र कमी सांगितली जाते.

अण्णांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण मुरूडला, गरिबीत गेले. इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठी ते भर पावसात सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला गेले. तिथे वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ते परत आले आणि पुन्हा अभ्यासाला लागले. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 मध्ये गणित घेऊन पदवीधर झाले आणि 1891 पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. मिळकत लहान असतानाही तिच्यातला ठरावीक हिस्सा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती. गावासाठी मुरूड फंड उभा केला तोही याच सवयीतून.

1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याच आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे. ज्या गावासाठी अण्णा पैसे जमवत होते, त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. स्वतःच्या घरी उतरणेही अवघड झाले. आपल्याकडे एखाद्याला आभारप्रदर्शनात नाव राहिले एवढ्यावरून पुढच्या वर्षी यावेसे वाटत नाही. अण्णांनी गावावर राग धरला नाही आणि हातातले कामही सोडले नाही.

1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम ही संस्था काढली. शहरातला विरोध आणि प्लेग यांमुळे 1900 मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. रावबहादूर गोखले यांनी तिथे 6 एकर जागा दिली होती; तीवर एक झोपडी उभी राहिली. अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवत, संध्याकाळी सुमारे 4 मैल पायी हिंगण्याला जात, तिथल्या मुलींना शिकवत आणि सकाळी पुन्हा पायी पुण्याला येत. रस्ता कच्चा, पावसाळ्यात चिखलाचा. संस्थेचा प्रमुख रोज चिखल तुडवत येतो, हे सोबतचे लोक पाहत होते. त्यांना वेगळा उपदेश करण्याची गरज पडली नसावी.

पुढे कार्यकर्ते मिळाले ते आश्रमातूनच. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विधवा झाल्यावर शिकल्या, आश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या आणि वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या. पुढे त्या अमेरिकेला गेल्या आणि पोटासाठी परक्यांच्या घरी घरकाम करून तिथे राहिल्या. ज्यांच्यासाठी संस्था काढली, त्यांच्याच हाती ती सोपवण्याचा विश्वास अण्णांनी दाखवला, म्हणून अशी माणसे तयार झाली.

केवळ विश्वासावर पोट भरत नाही, हेही ते जाणत होते. 1908 मध्ये त्यांनी निष्काम कर्म मठ स्थापन केला. सेवकांनी आपले आयुष्य संस्थेला द्यायचे, स्वतःसाठी वेगळा पैसा साठवायचा नाही आणि त्यांच्या चरितार्थाची काळजी मठाने घ्यायची, अशी ती व्यवस्था होती. त्याग मागताना माणसाच्या गरजेचा विचार आधी केलेला होता. या सगळ्याची झळ घरालाही लागली. संसार ओढताना बायांना किती कष्ट पडले ते त्यांनी आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने सांगितले आहे. कार्यकर्त्याच्या घरच्यांचाही त्या कामात वाटा असतो, हे विसरता येत नाही.

1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू झाले. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला 15 लाखांची देणगी दिली. एवढी मोठी देणगी मिळाल्यावरही अण्णांनी लहान देणगीदाराचे दार सोडले नाही. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेत निधीसाठी फिरले. 1936 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि आपल्या तुटपुंज्या पेन्शनमधूनही त्याला पैसे दिले. 1958 मध्ये शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपले मंडळ लहान आहे आणि काम दहा दिवसांचे. तरी अण्णांच्या चरित्रातले काही आपल्याला घेता येईल. पदाधिकाऱ्यांनी सतरंज्या घालायला सर्वांत आधी यावे. नवीन मुलामुलींना नुसते प्रसाद वाटायला न लावता पावतीपुस्तक आणि एखादा कार्यक्रम पूर्णपणे त्यांच्या हाती द्यावा. रात्री उशिरापर्यंत थांबणाऱ्याच्या जेवणाची आणि घरी पोहोचण्याची सोय मंडळाने करावी. यंदा एवढे केले, तर मांडव सोडायच्या दिवशी किती हात येतात ते आम्ही मोजणार आहोत.

गणपती बाप्पा मोरया!