मुलांच्या हातांना काम देणाऱ्या बाई : डॉ. मारिया माँटेसरी



जून महिना जवळ आला की घरोघरी वह्या-पुस्तके, दप्तरे, गणवेश आणि शिकवणीची फी यांचीच चर्चा सुरू होते. मुलाला कोणत्या शाळेत घालावे, कोणत्या माध्यमात शिकवावे, याची काळजी आईवडील करतात आणि ती रास्तच आहे. मात्र वर्गात बसलेले मूल नेमके शिकते कसे, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. 'माँटेसरी' अशी पाटी लावलेली बालवर्गाची शाळा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. ते एका बाईंचे आडनाव आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. या बाई पेशाने डॉक्टर होत्या, कॅथोलिक होत्या आणि आयुष्याच्या उत्तरार्धातील बरीच वर्षे त्यांनी आपल्या भारतात काढली. या रविवारी आम्ही त्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या किआराव्हाले या गावी झाला. वडील आलेस्सान्द्रो सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्दे यांना वाचनाची मोठी आवड होती. मारिया पाच वर्षांची असताना हे कुटुंब रोमला राहायला आले. त्या काळी मुलीने फार तर शिक्षिका व्हावे अशी रीत होती. मारियाने तांत्रिक शाळेत नाव घातले आणि पुढे वैद्यकीय शिक्षण घेण्याचा हट्ट धरला. वडिलांना ते पसंत नव्हते, पण आई पाठीशी उभी राहिली. मुलग्यांच्या बरोबरीने शवविच्छेदन करणे मुलीला शोभत नाही असे ठरल्यामुळे, सगळे विद्यार्थी निघून गेल्यावर तिला एकटीलाच प्रेतांसमोर उभे राहून अभ्यास करावा लागे. १८९६ साली ती रोम विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. इटलीतील पहिल्या काही महिला डॉक्टरांमध्ये तिची गणना होते.

पहिली काही वर्षे त्यांनी विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम केले. तेव्हा मतिमंद मुलांना वेड्यांच्या इस्पितळातच कोंडून ठेवीत असत. अशाच एका ठिकाणी जेवण झाल्यावर मुले जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे उचलताना दिसली. सांभाळणाऱ्यांना तो हावरटपणा वाटे. तरुण डॉक्टरने आजूबाजूला पाहिले तर त्या खोलीत हातात घ्यायला एकही वस्तू नव्हती. पोट भरलेले होते, हात मात्र रिकामे होते. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असे त्यांचे मत बनले. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी केलेले काम त्यांनी बारकाईने अभ्यासले, त्यावरून लाकडाची साधने करवून घेतली आणि मुलांना शिकवू लागल्या. काही मुले लिहा-वाचायला शिकून सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत पास झाली. लोकांनी कौतुक केले. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुले जर इथवर येऊ शकतात, तर धडधाकट मुलांना आपण इतके मागे कसे ठेवतो?

याच काळात त्यांच्या आयुष्यात एक दुःख आले. सहकारी डॉक्टर ज्युझेप्पे माँतेसानो यांच्यापासून त्यांना १८९८ साली मारिओ हा मुलगा झाला. दोघांचे लग्न झाले नाही. त्या काळच्या समाजात अविवाहित आईला डॉक्टरकी करणे शक्यच नव्हते. बाळाला खेडेगावातील एका कुटुंबात वाढवायला दिले गेले. आई भेटायला जात असे, पण आपण आई आहोत हे तिला सांगता येत नसे. मारिओ सुमारे १५ वर्षांचा झाल्यावरच तो आईजवळ राहायला आला. जगाला मुलांकडे पाहायला शिकविणाऱ्या या बाईंना आपल्याच मुलाचे बालपण पाहता आले नाही. त्यांच्या कामाचा विचार करताना ही गोष्ट आम्हाला बाजूला ठेवता येत नाही.

आता १९०७ सालाकडे येऊ. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एका बांधकाम कंपनीने मजुरांसाठी इमारती दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली लहान मुले जिन्यांत हुंदडत आणि नव्या भिंती खराब करीत. भिंती वाचाव्यात म्हणून कंपनीने एक खोली दिली आणि मुलांना सांभाळण्याचे काम डॉ. माँटेसरी यांच्याकडे सोपविले. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, तेथे 'कासा दे बांबिनी' म्हणजे मुलांचे घर सुरू झाले. सुमारे ५० मुले होती, शाळेत जाण्याच्या वयाच्या आतली. मदतीला शिक्षिकेचे प्रशिक्षण न घेतलेली एक तरुणी होती.

बाईंनी आपली लाकडी साधने तेथे ठेवली आणि मुले काय करतात ते पाहत राहिल्या. सुमारे तीन वर्षांची एक मुलगी वेगवेगळ्या जाडीचे दट्टे त्यांच्या त्यांच्या भोकात बसवीत होती. सगळे बसले की पुन्हा काढायची, पुन्हा बसवायची. बाईंनी इतर मुलांना तिच्याभोवती गाणे म्हणायला लावले. तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. मुलीने दट्टे मांडीवर घेतले आणि काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा ते केल्यावर ती समाधानाने थांबली. लहान मुलांचे लक्ष टिकत नाही असे आपण म्हणतो. मनाजोगे काम मिळाले की ते टिकते, हे त्या मुलीने दाखवून दिले.

एके दिवशी साधनांच्या कपाटाला कुलूप लावायचे राहून गेले आणि शिक्षिका उशिरा आली. पाहते तो मुलांनी आपापले साधन निवडून काम सुरू केले होते. बाईंनी ती चोरी मानली नाही. मुलांना निवड करता येते असा अर्थ त्यांनी घेतला आणि मोठ्या कपाटाच्या जागी मुलांच्या हाताला पोहोचतील अशी बुटकी, उघडी फडताळे आली. टेबल-खुर्च्याही मुलांच्या मापाच्या आल्या. बक्षिसे ठेवली तर मुलांना त्यांचे अप्रूप वाटेना, म्हणून बक्षिसेही गेली.

एकदा त्यांनी नाक कसे शिंकरावे याचा धडा दिला. रुमाल कसा धरावा, आवाज कसा कमी करावा, हे सावकाश करून दाखविले. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आधी बाईंना आश्चर्य वाटले, मग उलगडा झाला. शेंबड्या नाकावरून या मुलांना सगळेच टोचून बोलत. ते साफ कसे करावे हे मात्र प्रेमाने कुणी शिकविले नव्हते. हा प्रसंग प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असे आम्हाला वाटते. चुकीवर बोट ठेवणे सोपे आहे, बरोबर कसे करायचे ते दाखविणे हे शिकविणे होय.

अक्षरांसाठी त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटविली. मूल त्यावरून बोट फिरवी आणि अक्षराचा उच्चार करी. डोळा, कान आणि बोट असे तिघे मिळून एकच गोष्ट शिकत. हिवाळ्यात ऊन पडलेल्या एका दिवशी गच्चीवर त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. चित्र काढता काढता आपल्याला लिहिता येते हे त्याच्या ध्यानात आले आणि तो आनंदाने ओरडू लागला. मग इतर मुलेही खडू मागू लागली. पाठ करून घेण्याची गरजच पडली नव्हती.

गणितासाठी मण्यांची साधने झाली. एक सुटा मणी म्हणजे एक, दहा मण्यांची कांडी म्हणजे दहा, अशा दहा कांड्यांचा चौकोन म्हणजे शंभर आणि दहा चौकोनांचा ठोकळा म्हणजे हजार. हजार म्हणजे किती, हे मूल हातात उचलून पाहते. गुलाबी मनोऱ्यात १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे असतात. एखादा चुकीच्या जागी बसला तर ते डोळ्यांनाच खटकते, बाईंनी रागवावे लागत नाही. आपल्याला येणारे ज्ञान इंद्रियांच्या वाटेने येते, असे संत थॉमस अक्वायनस यांनी मानले होते. सेमिनरीत आम्ही ते ग्रंथांतून शिकलो. माँटेसरीबाईंनी ते तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांतून सिद्ध केले.

१९०९ साली त्यांचे पुस्तक निघाले, १९१२ साली ते इंग्रजीत आले आणि त्यांचे नाव जगभर झाले. पुढे बार्सिलोना येथे त्यांनी हीच पद्धत धर्मशिक्षणात आणली. तेथील मुलांनी स्वतः गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या, पिकाची निगा राखली आणि त्यांतून पवित्र मिस्सासाठी लागणारी भाकर व द्राक्षारस कसा येतो ते आपल्या हातांनी अनुभवले. प्रश्नोत्तरे घोकण्याआधी त्या मुलांच्या नखांत माती गेली होती.

इटलीत मुसोलिनीच्या सरकारने १९२४ पासून त्यांच्या शाळांना पाठबळ दिले आणि बाईंनी ते स्वीकारले. पण सरकारला आज्ञाधारक शिपाई हवे होते आणि बाईंना स्वतः विचार करणारी मुले. १९३४ साली संबंध तुटले आणि शाळा बंद पडल्या. जर्मनीतही नाझींनी त्या बंद केल्या. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी पेटली, तेव्हा बार्सिलोना सोडून त्यांना हॉलंडमध्ये आसरा घ्यावा लागला.

नोव्हेंबर १९३९ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या आमंत्रणावरून मारिओसह मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता. जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओला आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील छावणीत डांबण्यात आले. बाईंना अड्यारमध्येच राहण्याचे बंधन घातले गेले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांना ७० वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयने वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा मुलगा त्यांना परत दिला. इतकी वर्षे जगापुढे ज्याला भाचा म्हणावे लागले, त्याला सरकारी निरोपात मुलगा म्हटले गेले.

युद्ध संपेपर्यंत मायलेक भारतातच राहिले. कोडाईकनालच्या डोंगरात मुलांबरोबर झाडे, किडे, पाणी, दगड यांचा अभ्यास करीत त्यांनी मोठ्या मुलांसाठीची शिक्षणपद्धती घडविली. हजाराहून अधिक भारतीय शिक्षक त्यांच्या हाताखाली तयार झाले. शेवटची वर्षे हॉलंडमध्ये गेली. ६ मे १९५२ रोजी नॉर्दवाइक या समुद्रकाठच्या गावी त्यांनी देह ठेवला. तेथील कॅथोलिक दफनभूमीत त्यांची कबर आहे.

महाराष्ट्रात हा विचार रुजविला तो ताराबाई मोडक यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्या आल्या आणि १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण मुलांसाठी केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने केली. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. अंगणवाडीची कल्पनाही याच कामातून पुढे आली.

धर्मग्रामस्थांनो, माँटेसरी ही पाटी कुणीही लावू शकतो. म्हणून मुलाचे नाव घालण्याआधी वर्गात जाऊन पाहावे. साधने मुलांच्या हाताला लागतात की शोभेसाठी कपाटात बंद आहेत? मूल स्वतः काम निवडते का? बाई जास्त बोलतात की जास्त पाहतात? भिंतीवरच्या रंगीत चित्रांपेक्षा या प्रश्नांची उत्तरे महत्त्वाची.

घरी तर काहीच विकत आणायला नको. एका ताटात वाल, वाटाणे आणि चवळी मिसळून द्या, मूल निवडत बसेल आणि त्याची बोटे पेन धरायला तयार होतील. सुताराकडच्या पॉलिश पेपरची अ, आ, क, ख ही अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. तांब्यातून पेल्यात पाणी ओतायला द्या. सांडले तर फडकेही त्यालाच द्या. आमच्या धर्मशिक्षकांनी बाईंचा शांततेचा खेळ अवश्य करून पाहावा. मुलांनी अगदी स्तब्ध बसायचे, शिक्षकाने दुसऱ्या खोलीतून कुजबुजत एकेकाचे नाव घ्यायचे आणि नाव ऐकू येईल त्याने पाय न वाजवता उठून जायचे. ओरडून मिळत नाही ती शांतता मुले येथे आपणहून देतात. प्रार्थनेची याहून चांगली तयारी आम्हाला माहीत नाही.

आणि एक शेवटची विनंती. रविवारी मिस्साला निघताना घाई असते, तेव्हा आपण मुलाच्या शर्टाची बटणे पटापट लावून टाकतो. येत्या रविवारी दहा मिनिटे आधी उठा आणि ती त्याची त्यालाच लावू द्या. एखादे वरखाली लागले तरी चालेल. तसेच त्याला देवळात घेऊन या.

आपल्या सर्व बालकांना नवीन शालेय वर्षासाठी आमचे आशीर्वाद.